‘तिला काय, टॅब पुरे!’



गेल्या महिन्याभरात एकच प्रश्न मला चार जणींनी विचारला. एकीच्या मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. एकीला घरात बसून दुकानाचे हिशेब बघायचेत. एकीला सासूबाईंच्या वाचनासाठी मोठ्या अक्षराचं काहीतरी हवंय. आणि चौथीचा डेस्कटॉप बारा वर्षं इमानेइतबारे चालून परवा कायमचा बसला. प्रश्न असा की टॅबलेट घेतला तर लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर घ्यायची गरज राहते का?

चौघींना मी चार वेगळी उत्तरं दिली. पण बोलता बोलता दोघींच्या तोंडून एक वाक्य आलं आणि ते मला काही केल्या सोडेना. ‘आमचे हे म्हणतात, तिला काय, टॅब पुरे!’ एकीच्या बाबतीत ‘ती’ म्हणजे मुलगी आणि दुसरीच्या बाबतीत ती स्वतः. याच घरांत मुलाच्या वेळी हा प्रश्न निघालाच नव्हता. त्याला बारावीचा निकाल लागायच्या आधीच लॅपटॉप आला होता. म्हणून म्हटलं, यावर जरा सविस्तर लिहावं. कारण हा प्रश्न वाटतो तसा नुसता यंत्राचा नाही.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. टॅबलेट कमी ताकदीचा असतो म्हणून मागे पडतो, हे आता खरं नाही. स्वस्तातले टॅब रडतखडत चालतात हे कबूल. पण ॲपलने २०२० च्या शेवटी आपल्या मॅकबुक एअर या लॅपटॉपमध्ये जी एम-वन चिप बसवली, तीच २०२१ मध्ये आयपॅड प्रोमध्येही बसवली. इंजिन एकच, गाडी वेगळी. याच कंपनीची २०१७ सालची एक जाहिरात काहींना आठवत असेल. दिवसभर आयपॅड घेऊन हिंडणाऱ्या मुलीला शेजारीण विचारते, कॉम्प्युटरवर काय करतेस? आणि ती मुलगी उलट विचारते, कॉम्प्युटर म्हणजे काय? जाहिरात गोड होती. फक्त एवढं लक्षात ठेवा, की ती करणारी कंपनी आजही लॅपटॉप विकतेच आहे.

खरा फरक ताकदीत नाही, घडणीत आहे. टॅबलेट हा मोठा केलेला फोन. त्यात प्रत्येक ॲपची खोली वेगळी, आणि एका खोलीतलं सामान दुसऱ्या खोलीत न्यायचं तर दर वेळी ‘शेअर’चं दार ठोठवायचं. कॉम्प्युटर म्हणजे आपलं जुन्या पद्धतीचं माजघर. सगळं समोर पसरलेलं, चार डबे एकदम उघडे, हवं ते हव्या त्यात ओता. आयपॅडला पेन ड्राइव्ह नीट वाचता येऊ लागला तो २०१९ मध्ये, माऊस रीतसर जोडता आला तो २०२० च्या मार्चमध्ये, आणि कॉम्प्युटरसारख्या हलवता-सरकवता येणाऱ्या खिडक्या पूर्ण रूपात आल्या त्या २०२५ मध्ये. सॅमसंगच्या महागड्या टॅबमध्ये ‘डेक्स’ नावाची सोय आहे, तिचाही प्रकार हाच. म्हणजे इतकी वर्षं टॅबलेट हळूहळू लॅपटॉपच होऊ पाहतोय. त्याला कीबोर्ड लावा, माऊस लावा, स्टँड लावा, म्हणजे तो लॅपटॉपसारखा चालेल, असं दुकानदार सांगतो. मग बाबा, लॅपटॉपच का नको देऊस?

आता हिशेबाचं बोलू, कारण आपल्यापैकी निम्म्या जणींचा संबंध तिथेच येतो. किराणा असो, कापड असो, भांड्यांचं दुकान असो की आडत, पेढीवर माणसं बसतात आणि बिलं घरी येतात. पूर्वी ती मुनीम बघायचे, आता सून बघते. तिच्या नावाचा पगार कुठे लागत नाही ही गोष्ट निराळी, तिच्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

या कामात टॅबलेट कुठे अडतो, ते माझ्या रोजच्या अनुभवावरून सांगते. पहिली अडचण टॅलीची. टॅलीप्राइम हे विंडोजवर चालणारं सॉफ्टवेअर आहे. ते अँड्रॉइडवर किंवा आयपॅडवर थेट बसत नाही. फोनवरून अहवाल बघण्याच्या सोयी आहेत, पण दिवसाला साठ-सत्तर एंट्र्या मारायच्या असतील तर काचेवर बोट आपटून ते काम होत नाही. टॅलीची सगळी मजा कीबोर्डात आहे. एफ-आठ दाबलं की विक्री, एफ-नऊ दाबलं की खरेदी, एंटर, एंटर, एंटर. हात बसलेली बाई पडद्याकडे न बघता बिलं फीड करते, नजर फक्त कागदावर.

दुसरी अडचण जीएसटीची. महिन्याच्या १४ तारखेला टू-बी तयार होतं. तुमच्या पुरवठादारांनी तुमच्या नावावर काय काय दाखवलंय, त्याचा तो उतारा. तो एक्सेलमध्ये उतरवून घ्यायचा, आपल्या खरेदीच्या यादीशेजारी ठेवायचा आणि ओळ न् ओळ ताडून बघायची. एखाद्या व्यापाऱ्याने बिल दाखवलं नसेल तर त्याला फोन करून मागे लागायचं, नाहीतर त्या बिलावरच्या कराची वजावट आपल्याला मिळत नाही, पैसे खिशातून जातात. आणि हे सगळं २० तारखेच्या आत. आता हे दहा इंची पडद्यावर करून बघा. दोन फाइली शेजारी शेजारी उघडल्या की प्रत्येकीला निम्माच पडदा. आकडा टाकायला बोट लावलं की खालून कीबोर्ड वर येतो आणि निम्मा पडदा खातो, उरतात पाच-सहा ओळी. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा, तो बोटाने निवडून कॉपी करताना तेरावरच सुटतो. एकदा करायला गंमत वाटेल, दर महिन्याला नाही.

तिसरी गोष्ट बारीक आहे, पण नेमकी आयत्या वेळी नडते. एकट्याच्या नावाची पेढी असेल तर विवरणपत्र ओटीपीवर सही होऊन जातं, तिथे टॅब चालेल. पण घरची प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी असेल तर डिजिटल सही लागते, आणि ती बहुतेकांकडे पेन ड्राइव्हसारख्या टोकनमध्ये असते. ते टोकन कॉम्प्युटरला लावायचं, त्याचं सॉफ्टवेअर त्यात बसवायचं, मग सही. टॅबलेटला ते टोकन लावून उपयोग नाही. तसंच सीएकडून येणाऱ्या एक्सेल फाइलींत मॅक्रो असतील, म्हणजे एक बटण दाबलं की आपोआप हिशेब होणारी सोय असेल, तर ते टॅबवरच्या एक्सेलमध्ये चालत नाहीत. आणखी एक छुपा खर्च सांगते. मायक्रोसॉफ्टच्या मोबाइल ॲपमध्ये १०.१ इंचांपेक्षा मोठ्या पडद्यावर फाइल वाचणं फुकट, पण बदल करायचे तर वर्गणी. डोळ्यांना बरा म्हणून मुद्दाम मोठा टॅब घ्यावा, आणि वर्गणी मागे लागावी!

एक मधला रस्ता मात्र आहे आणि तो चांगला आहे. दुकानात डेस्कटॉप चालू असेल तर घरच्या टॅबवरून तो उघडता येतो. क्रोमचं रिमोट डेस्कटॉप फुकट आहे, दुसरेही पर्याय आहेत. काम दुकानातला कॉम्प्युटर करतो, टॅब ही फक्त खिडकी. रात्री एखादी शिल्लक बघायची, कुणाचा उतारा पाठवायचा, एवढ्याला उत्तम. (जाता जाता : बँकेतून बोलतोय असं सांगून कुणी फोनवर अशी ॲप टाकायला लावत असेल तर फोन ठेवून द्या. तुमचा पडदा दुसऱ्याच्या हातात गेला की ओटीपीही त्याच्या हातात जातो.) पण नीट बघा, इथेही कॉम्प्युटरची गरज संपलेली नाही. तो फक्त दुसऱ्या खोलीत आहे.

मराठी लिखाणाचंही असंच. व्हॉट्सॲपवर लिहायला, नुसतं बोलून टाइप करायला टॅब फारच छान. माझ्या ब्लॉगचे कितीतरी कच्चे मजकूर मी भाजी निवडता निवडता बोलूनच उतरवलेत. पण आपल्या मंडळाचा वार्षिक अहवाल किंवा पर्युषणातल्या कार्यक्रमांची पत्रिका छापखान्यात द्यायची वेळ आली की गाडी अडते. आपल्या भागातले अनेक छापखाने अजून श्रीलिपीवर चालतात. हे पुण्यात तयार झालेलं सॉफ्टवेअर, आणि त्याच्या जुन्या फॉण्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. तो फॉण्ट टॅबमध्ये नसतो, त्यामुळे छापखान्याने तपासायला पाठवलेली फाइल टॅबवर उघडली की ‘अध्यक्षीय मनोगत’च्या जागी नुसती चिन्हांची रांगोळी दिसते. त्यांच्याकडून पीडीएफ मागवली तर वाचता येतं, चुका वहीत लिहून कळवता येतात. पण स्वतः हात घालून दुरुस्ती करायची तर कॉम्प्युटर हवा.

एवढं वाचून वाटेल, हिचं टॅबशी काही वाकडं आहे. मुळीच नाही. माझ्या सासूबाईंच्या हातात टॅब आल्यापासून त्यांचा स्वाध्याय दुप्पट झालाय. जुन्या ग्रंथांच्या स्कॅन केलेल्या प्रती त्या दोन बोटांनी मोठ्या करून वाचतात. छापील पोथीत जे अक्षर भिंगानेही लागत नव्हतं, ते आता चष्म्याशिवाय लागतं. मांडीवर धरता येतो, तापत नाही, पंख्याचा आवाज नाही, बटण दाबलं की लगेच चालू. परगावच्या लेकीशी बोलताना चेहरा मोठा दिसतो. वीज गेली तरी दिवस निघतो, डेस्कटॉपसारखं यूपीएसच्या पिपाणीकडे धावावं लागत नाही. अशा माणसाला लॅपटॉप देणं म्हणजे पाणी प्यायला हंडा देणं. चित्रं काढणाऱ्या मुलीलाही लेखणी चालणारा टॅब लॅपटॉपपेक्षा सरस. मेंदीची नक्षी, रांगोळी, भरतकामाचे नमुने त्यावर जसे उतरतात तसे माऊसने कधीच उतरणार नाहीत. मेडिकलला गेलेली माझी भाची सगळ्या नोट्स टॅबवरच काढते आणि जाडजूड पुस्तकं त्यातच घेऊन हिंडते.

शिकणाऱ्या मुलामुलींचं म्हणूनच एका वाक्यात सांगता येत नाही. लेक्चर बघायची आणि सराव प्रश्न सोडवायचे असतील तर टॅब पुरतो. महाज्योतीकडून जेईई, नीट, सीईटीची तयारी करणाऱ्या मुलांना टॅब दिले जातात, ते योग्यच आहे. पण प्रत्यक्ष जेईई मेन आणि सीईटी कॉम्प्युटरसमोर बसून, हातात माऊस धरून द्यायची असते, एवढं पोरांच्या कानावर घाला आणि परीक्षेआधी चार-सहा सराव परीक्षा कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर करून घ्या. काही सरकारी नोकऱ्यांसाठी टायपिंगचं जीसीसी-टीबीसी प्रमाणपत्र लागतं, त्यात मिनिटाला निदान तीस शब्दांचा वेग कीबोर्डावरच दाखवावा लागतो. आणि इंजिनिअरिंगला तर वादच नको. ऑटोकॅड पूर्ण रूपात टॅबवर नाही, सॉलिडवर्क्स विंडोजशिवाय चालत नाही, प्रोग्रॅमिंग टॅबवर करता येतं म्हणणाऱ्याने दोनशे ओळींचा प्रोग्रॅम काचेवर लिहून दाखवावा. कॉलेजात लॅब असते हे खरं. पण लॅब पाचला बंद होते, आणि मुलांची खरी धडपड रात्री सुरू होते. ज्या मुलीच्या खोलीवर लॅपटॉप नाही ती दुसरीच्या लॅपटॉपजवळ बसून बघत राहते. बघत राहणं आणि स्वतः करणं यात किती अंतर आहे, ते स्वयंपाक शिकवणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत आहे.

मला जे खटकतं ते इथे आहे. २०११ साली आपल्या देशात दोन योजना जवळपास एकाच वेळी आल्या. दिल्लीत ऑक्टोबरमध्ये कपिल सिब्बल यांनी विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ नावाचा टॅबलेट आणला, सरकारला सुमारे सव्वादोन हजारांना पडणारा. आणि त्याच्या आदल्याच महिन्यात तमिळनाडूत जयललितांच्या सरकारने सरकारी आणि अनुदानित शाळा-कॉलेजांतल्या मुलामुलींना फुकट लॅपटॉप द्यायला सुरुवात केली. आकाशचा पडदा जोर देऊन दाबावा लागे, तो चाले हळू, आणि काही वर्षांत त्याचं नाव विरून गेलं. तमिळनाडूचे लॅपटॉप फार भारी होते असं नाही, पण त्यावर लिहिता येत होतं, प्रोग्रॅम बसवता येत होते, मोडतोड करून शिकता येत होतं. गरिबाच्या मुलीला बघायचं यंत्र द्यायचं की करायचं यंत्र, हा त्यातला फरक. आपण गरीब नाही, तरी घरात हाच फरक मुलगा आणि मुलगी यांच्यात करतो.

गंमत म्हणजे टॅबलेटची कल्पना ज्याने पहिल्यांदा नीट मांडली, त्याच्या मनात ‘बघायचं यंत्र’ नव्हतंच. ॲलन के नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९७२ मध्ये एक लेख लिहिला, मुलांनी वहीसारखा काखेत मारून न्यायच्या कॉम्प्युटरबद्दल. त्याने त्याला ‘डायनाबुक’ म्हटलं. लेखातली दोन मुलं गवतावर बसून त्यावर अवकाशयानांचा खेळ खेळतात आणि पुढे खेळात सूर्याचं आकर्षण हवं म्हणून प्रोग्रॅमच बदलतात. त्याच्या चित्रात पडद्याखाली कीबोर्ड होता. आपल्या घरी आलेल्या टॅबमध्ये मुलं खेळ खेळतात, पण त्याचा नियम बदलायला त्यांना कुणी देत नाही.

पैशांचंही बोलायला हवं, कारण ‘टॅब पुरे’च्या मागे बहुतेक वेळा पैशांचंच कारण सांगितलं जातं. पंधरा-वीस हजारांचा टॅब स्वस्त वाटतो. त्याला बरं कीबोर्ड-कव्हर घ्या, लेखणी घ्या, वर्गणी धरा, मोबाइल डेटाचं सिम धरा, की आकडा साध्या लॅपटॉपच्या जवळ जातो. टॅबची बॅटरी चिकटवून बसवलेली, आतली साठवण वाढवता येत नाही, आणि स्वस्त टॅबला कंपनी दोन-तीन वर्षांनी नवे अपडेट देणं थांबवते. आमच्याकडचा एक टॅब दिसायला अजून कोरा आहे, पण बँकेचं ॲप त्यावर उघडत नाही. डेस्कटॉपचं उलट. माझ्या त्या चौथ्या मैत्रिणीचा बारा वर्षांत एकदा पॉवर सप्लाय बदलला, एकदा रॅम वाढवली, एकदा जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली, आणि प्रत्येक वेळी तो पुन्हा उभा राहिला. तिला मी डेस्कटॉपच घे म्हटलंय. मोठा पडदा, डोळ्यांच्या उंचीवर. मानेचं दुखणं घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे जाण्यापेक्षा ते स्वस्त.

सासूबाईंसाठी विचारणारीला टॅब. हिशेबवालीला लॅपटॉप, साडेपंधरा इंची, उजवीकडे आकड्यांची वेगळी बटणं असलेला. त्या बटणांशिवाय घेऊ नकोस, असं तिला दोनदा सांगितलं.

इंजिनिअरिंगवाल्या मुलीच्या आईला नवा लॅपटॉप परवडत नव्हता. तिच्यासाठी आणि अशा अडचणीत असलेल्या इतरांसाठी सांगते. मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेले, दुरुस्त केलेले लॅपटॉप कोल्हापूर-पुण्यात चांगल्या टॅबच्या किमतीत मिळतात. घेताना प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा पुढचाच बघा. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आहे आणि त्याआधीच्या बहुतेक इंटेल चिपवर विंडोज ११ रीतसर चालत नाही. रॅम निदान आठ जीबी, डिस्क एसएसडीच. शक्य असेल तर बॅटरी नवी टाकून मागा. दुकानातच नोटपॅड उघडून सगळी बटणं एकेकदा दाबा, स्पेसबार आणि एंटर चार-चारदा. कॅमेरा, वायफाय, चार्जरचं भोक, बिजागरी, सगळं तिथेच बघून घ्या. वॉरंटी कागदावर घ्या, तोंडी नको. आणि पक्कं बिल मागा, ते मुलीच्या नावाने करायला सांगा.